उसाच्या फडात रुतलेला ट्रक

"ताकद हाय ओ सर गाडीत, पण चाकच धरंना झालंय!"

मंद्रूपच्या शिवारात एका उसाच्या फडाच्या तोंडाशी उभा असलेला ट्रकचालक मला हे सांगत होता. नोव्हेंबर महिना होता. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि उसाच्या मोळ्यांनी शीगोशीग भरलेला त्याचा ट्रक फडातून पाणंदीवर चढता चढता अडकला होता. डावीकडची चाके काळ्या चिखलात होती, उजवीकडची बांधाच्या टणक कडेवर. त्याने क्लच सोडला की इंजिन गुरगुरे, मागचे डावे चाक गरगर फिरे, चिखलाचे शिंतोडे तोडणीवाल्यांच्या अंगावर उडत, आणि उजवे चाक मात्र जागचे तसूभरही हलत नसे. प्रत्येक प्रयत्नागणिक ट्रक दोन बोटे आणखी खाली जात होता.

मंद्रूप हे सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. एका अंगाला सीना नदी, दुसऱ्या अंगाला भीमा. पुढे हत्तरसंग-कुडल येथे दोघींचा संगम होतो. मधल्या पट्ट्यातील काळी, खोल जमीन ज्वारीला उत्तम, पाणी असेल तर उसालाही उत्तम; पण पाऊस पडल्यावर तिच्यात गाडी घालणे म्हणजे संकटाला निमंत्रण. ऊस वाहणाऱ्यांना हे नवीन नाही. दर हंगामात असे ट्रक रुततात, ऊस फडात वाळतो, कारखान्यावर नंबर चुकतो आणि वजनात घट येते.

त्या दिवशी जमलेल्या मंडळींत दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, गाडीला ताकद कमी पडते. दुसरा म्हणे, सैन्याच्या गाड्यांसारखी चारी चाके फिरणारी गाडी हवी. मग साधा मालट्रक रानावनात चालेल असा करायचा झाल्यास त्यात नेमके काय बदलावे लागेल? प्रश्न गमतीचा आहे, कारण त्याच्या उत्तरात तुमच्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानातील निम्मी प्रकरणे येऊन जातात. आणि पहिली गोष्ट सांगायची ती ही की, त्या ट्रकला ताकदीची मुळीच उणीव नव्हती.

ट्रक उभा असतो पाटावर

दोन अक्षांच्या मालट्रकचे, मालासकट, कायद्याने मान्य असलेले एकूण वजन २०१८ सालापासून १८.५ टन आहे. त्यापैकी पुढच्या अक्षावर ७ टन आणि मागच्या अक्षावर ११.५ टन. पुढे दोन टायर, मागे दुहेरी जोड्यांचे चार, असे सहा टायर हे ओझे पेलतात. टायरमधली हवा आपल्याकडे 'पौंडां'त मोजतात. हवा भरणारा म्हणतो, "एकशे पंधरा पौंड भरली." याचा अर्थ चौरस इंचाला ११५ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ किलोग्रॅम. (शास्त्रशुद्ध बोलायचे तर वजन न्यूटनमध्ये सांगायला हवे, पण आज आपण बाजारातल्या भाषेत, किलोग्रॅम-भारात हिशेब करू.)

आता एक साधा विचार करा. टायर जमिनीवर टेकला की तळाशी थोडा चपटा होतो. किती चपटा होईल? हवेचा दाब गुणिले टेकलेले क्षेत्रफळ हे अंगावरच्या ओझ्याइतके होईपर्यंत. टायरच्या भिंतींचा कडकपणा थोडे ओझे स्वतः उचलतो, पण ढोबळ हिशेबात तो सोडून देता येतो. म्हणजे मागच्या एका टायरवर २,८७५ किलो वजन असेल, तर टेकलेले क्षेत्रफळ २,८७५ भागिले ८, म्हणजे सुमारे ३६० चौरस सेंटिमीटर. या मासिकाच्या पानापेक्षाही लहान! सहाही टायर मिळून १८,५०० भागिले ८, म्हणजे सुमारे २,३०० चौरस सेंटिमीटर. याचे वर्गमूळ ४८. याचा अर्थ, साडेअठरा टनांचा तो अजस्र ट्रक ४८ सेंटिमीटर लांब व तेवढ्याच रुंद अशा, जेवायला बसायच्या पाटाएवढ्या जागेवर उभा असतो.

डांबरी रस्त्याला हा दाब सोसतो. काळ्या मातीचे काय? ही माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार घडले, त्याच खडकाचे हे पीठ. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असून तिचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. पाणी पापुद्र्यांच्या मधोमध शिरते, माती फुगते. पाणी गेले की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी असताना कुदळ उडवून लावणारी ही माती भिजली की तिचे पापुद्रे एकमेकांवरून घसरू लागतात. अशी भिजलेली मऊ माती चौरस सेंटिमीटरला जेमतेम दीड किलोग्रॅम पेलते असे धरू. तिच्यावर आठ किलोग्रॅमचा दाब आला की दुसरे काय होणार? टायर खाली जातो, अधिकाधिक माती कवेत घेतो आणि कुठेतरी खालच्या टणक थरावर टेकतो. तोवर आस चिखलाला लागलेला असतो.

तुलनेसाठी स्वतःच्या पायाचा हिशेब करून पाहा. आलेखाच्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढा, चौकटी मोजा आणि आपले वजन त्याने भागा. ५० किलो वजनाच्या मुलाचा, दोन्ही पायांवर उभे असताना, दाब साधारण पाव किलोग्रॅमच्या आसपास येईल. माणूस फडातून चालत जातो आणि ट्रक जात नाही, हे ट्रक जड आहे एवढ्याचमुळे घडत नाही. तो पाय आखडून उभा असतो म्हणून घडते.

तेव्हा रूपांतराची पहिली पायरी फुकटातली आहे. टायरमधली हवा कमी करा. ११५ ऐवजी ५० पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन किलोग्रॅम दाब ठेवला, तर टेकलेले क्षेत्रफळ २,३०० वरून सुमारे ५,३०० चौरस सेंटिमीटर होते. ट्रक तोच, माल तोच. पाट मात्र सव्वादोनपट झाला.

वाळवंटातला पदार्थवैज्ञानिक

ही युक्ती पद्धतशीरपणे वापरणाऱ्यांत राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचे नाव आवर्जून घ्यायला हवे. १९२० व १९३० च्या दशकांत तो इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड मोटारी घेऊन हिंडला. टायरमधली हवा कमी करणे, रुतलेल्या चाकांखाली सरकवायला पोलादी पन्हळी पट्ट्या बरोबर नेणे, उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून तेच पाणी पुन्हा वापरणे, अशा युक्त्या त्याने व त्याच्या सोबत्यांनी घोटून घेतल्या. १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, त्याने वाळवंटात दूरवर टेहळणी करणारी एक तुकडी उभारली. तिच्यासाठी त्याने कोणत्या गाड्या निवडल्या असतील? बाजारात मिळणारे दीड टनी शेव्हरोलेट मालट्रक! त्यांची फक्त मागची चाके इंजिनाने फिरत. तुकडीने दारे आणि काचा काढून टाकल्या, कमानी मजबूत केल्या, टायर बदलले आणि हेच ट्रक शेकडो मैल वाळवंटात पिटाळले.

यातली खरी गंमत पुढेच आहे. १९४१ मध्ये तुकडीला चारी चाके फिरणारे फोर्ड ट्रक मिळाले. ते अधिक जड होते आणि पेट्रोल अधिक पीत. लांबच्या मजलेत प्रत्येक जादा लिटर पाठीवरच न्यावा लागतो. म्हणून १९४२ मध्ये तुकडी पुन्हा दोन चाकांनी चालणाऱ्या नव्या शेव्हरोलेटकडे वळली. चारी चाके फिरवणे हा रामबाण उपाय नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. बॅग्नॉल्डने १९४१ मध्ये वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या पदार्थविज्ञानावर लिहिलेला ग्रंथ आजही वापरात आहे; मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारेही त्याचा आधार घेतात.

त्याच युद्धात १९४२ साली अमेरिकेत तयार झालेल्या डक नावाच्या, जमिनीवर व पाण्यातही चालणाऱ्या ट्रकला चालकाच्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करण्याची सोय करण्यात आली. पुळणीवर हवा कमी, रस्त्यावर जास्त. आजच्या लष्करी ट्रकांत ही सोय सर्रास आढळते. आपल्या मालट्रकलाही हवेचे ब्रेक असतात आणि त्यासाठी इंजिनावर हवा दाबणारा पंप असतोच. त्या टाकीतून टायरपर्यंत नळी नेली की निम्मे काम झाले.

मात्र हवा कमी करून हमरस्त्यावर भरधाव जाणे हा शुद्ध आत्मघात आहे. मऊ टायर प्रत्येक फेऱ्याला चपटा होतो व पुन्हा फुगतो, या वाकण्याने रबर तापते आणि भरलेला टायर फुटतो. शिवाय दाब कमी झाला की टायरची रिमवरची पकड सैल होते. रिम आत फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट उपटला जातो. म्हणूनच रानात चालणाऱ्या गाड्यांच्या रिमला टायरची कड आवळून धरणारे कडे बसवतात.

वाळूत वजन, चिकणमातीत क्षेत्रफळ

गाडी न रुतणे हे अर्धे काम. पुढे सरकणे हे उरलेले अर्धे. चाक माती मागे ढकलते, माती चाकाला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. पण माती किती जोर सोसेल? त्यापलीकडे गेले की मातीचा थर कातरला जातो आणि चाक जागच्या जागी फिरते.

अठराव्या शतकात कूलोंब या फ्रेंच शास्त्रज्ञाने याचे उत्तर दोन भागांत दिले. विजेच्या प्रकरणात भेटतो तोच हा कूलोंब. मातीची पकड ही दोन गोष्टींची बेरीज असते. पहिली, कणांचा आपसातला चिकटपणा. तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. दुसरी, कणांमधले घर्षण. ते वजनाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ शून्य, सगळा मामला घर्षणाचा. पाण्याने तट्ट भरलेल्या चिकणमातीत उलटे. तिथे वजन वाढवून पकड फारशी वाढत नाही, कारण वरून दाबले की ओझे कणांऐवजी मधल्या पाण्यावर पडते, आणि पाणी घर्षण देत नाही.

म्हणून वाळूतला अनुभव आपल्या काळ्या रानात आंधळेपणाने लावू नये. आपल्याकडे क्षेत्रफळ हवे. भिजलेल्या मातीचा चिकटपणा चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोग्रॅम धरा. त्या ट्रकच्या मागच्या डाव्या जोडीवर ५,७५० किलो ओझे होते, म्हणून टेकलेले क्षेत्रफळ सुमारे ७२० चौरस सेंटिमीटर आणि पकड सुमारे २१५ किलोग्रॅम. दोन धट्टीकट्टी माणसे खांदा लावून जेवढे ढकलतील, फार तर तेवढीच!

त्यात टायरच्या नक्षीची भर. रस्त्यावरच्या टायरच्या खाचा बारीक असतात; त्यांत काळी माती भरली की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे उंच, तिरपे, एकमेकांपासून दूर असलेले कंगोरे आठवा. ते मातीत खोल घुसतात आणि फिरताना आपली माती आपणच झटकून टाकतात.

मागचे दुहेरी टायरही रानात अडचणीचे ठरतात. पुढचे एकच चाक ज्या वाटेने गेले त्या वाटेची माती त्याने आधीच दाबून ठेवलेली असते. मागचे चाक त्याच चाकोरीतून गेले तर त्याला फुकट तयार रस्ता मिळतो. दुहेरी जोडी मात्र त्या चाकोरीत मावत नाही, कोरी माती नव्याने दाबत जाते, आणि दोन टायरांच्या फटीत चिखल व दगड अडकतात ते वेगळेच. म्हणून रानात न्यायच्या मोठ्या गाड्यांना सहसा मागेपुढे सारखेच, एकेरी, रुंद टायर घालतात. नेहमीचा ट्रकचा टायर साधारण १.०५ मीटर व्यासाचा. त्या जागी १.२५ मीटर व्यासाचा रुंद टायर येतो. आस १० सेंटिमीटर वर उचलला जातो हा दुसरा फायदा. पण फुकट काहीच मिळत नाही. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढ्याच फिरवत्या जोरातून जमिनीवर मिळणारे ढकल-बल कमी होते. इथे ते १.०५ भागिले १.२५, म्हणजे ८४ टक्क्यांवर येते. मग गिअरचे प्रमाण बदलणे ओघानेच आले.

एक चाक फिरते, दुसरे का नाही?

आता ट्रकचालकाच्या मूळ तक्रारीकडे वळू. डावे चाक चिखलात फिरत होते, पण उजवे तर टणक बांधावर होते! त्याने गाडी का ओढली नाही?

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली तर एक फरफटेल. म्हणून मागच्या आसाच्या मधोमध, त्या लोखंडी गोळ्यात, डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची रचना असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. वेग कसाही वाटला गेला तरी फिरवणारा जोर मात्र ती दोन्ही बाजूंना समसमान वाटते. पुष्कळांना वाटते की सगळा जोर फिरणाऱ्या चाकाकडे जातो. तसे नाही. फिरणारे चाक चिखलात जेवढा विरोध अनुभवते, तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो, त्याहून तिळभर अधिक नाही. तराजूचे एक पारडे हलके असताना दुसऱ्यात जड वजन तोलता येत नाही, तसेच हे.

हिशेब करू. चिखलातल्या बाजूची पकड २१५ किलोग्रॅम, म्हणून बांधावरच्या चाकालाही २१५, एकूण ४३०. बांधावरची टणक माती वजनाच्या सहा-दशांश पकड देऊ शकत होती, म्हणजे ५,७५० च्या हिशेबाने ३,४५० किलोग्रॅम. ती सगळी वाया! आणि गरज किती होती? मऊ रानात गाडी ओढायला तिच्या वजनाच्या साधारण दहा टक्के बल लागते असे धरले, तर १,८५० किलोग्रॅम. ४३० मध्ये ते कसे भागणार? इंजिन दुप्पट ताकदीचे असते तरी ४३० चे ४३१ झाले नसते.

आता डिफरन्शियलची रचना एका कुलपाने बंद करून दोन्ही चाके एकत्र जखडली, तर २१५ अधिक ३,४५० मिळून ३,६६५ किलोग्रॅम. गाडी आरामात निघाली असती. हे कुलूप तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरला असते. चालकाच्या टाचेजवळचे छोटे पेडल म्हणजे तेच. एखाद्या ट्रॅक्टरवाल्या काकांना ते दाखवायला सांगा. टणक रस्त्यावर वळताना ते का वापरत नाहीत, हेही विचारा. उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

चारी चाके फिरवणे ही यापुढची पायरी. गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी बसवून जोर पुढच्या आसाकडेही न्यावा लागतो. पुढची चाके वळतातही आणि फिरतातही, म्हणून तिथे खास सांधे लागतात. खर्चाचा मोठा भाग इथेच जातो. याच पेटीत सहसा 'हलका' आणि 'भारी' असे दोन गिअर असतात. भारी गिअर टाकला की वेग साधारण निम्मा आणि चाकांवरचा जोर दुप्पट. रानात या संथपणाची किंमत मोठी आहे. चाक घसरू लागले की ते मातीचा थर मागे फेकते आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. क्लच अर्धवट दाबून धरण्याऐवजी भारी गिअरात चाक हळूहळू, न घसरता फिरवता येते.

भारतीय सैन्यासाठी जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला 'शक्तिमान' ट्रक कित्येक दशके अशाच रचनेवर चालला. त्यानंतर अशोक लेलँडचा 'स्टॅलियन' आला. आपल्या अहिल्यानगरला संरक्षण संशोधन संस्थेची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा असून लष्करी गाड्यांचे संशोधन आणि चाचण्या हेच तिचे काम आहे.

तिपाई आणि चॅसी

एक गोष्ट मात्र हौशी मंडळी हमखास विसरतात. चार पायांचे स्टूल खडबडीत अंगणात ठेवले तर डुगडुगते. तिपाई कधीच डुगडुगत नाही. तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमी जाते, चौथा बिंदू त्यात असेलच असे नाही. ट्रकला चार कोपऱ्यांत चाके असतात. पुढचे डावे चाक बांधावर चढले आणि मागचे उजवे नालीत उतरले, की पाटे वाकतात आणि उरलेला पीळ चॅसी घेते. मालट्रकची चॅसी शिडीसारखी असते, दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे गज. अशी शिडी पिळली जाते, आणि तशी ती जावी म्हणूनच बनवलेली असते. तिच्यावर तुम्ही पत्र्याची बंद पेटी चारी बाजूंनी बोल्टांनी आवळली, तर पेटी पिळायला तयार नसते, चॅसी मागते, आणि मग बोल्ट तुटतात किंवा चॅसीला तडा जातो. म्हणून रानातल्या ट्रकवर खोली, पाण्याची टाकी किंवा यंत्रे बसवताना ती तीन बिंदूंवर, एक टोक बिजागरीवर मोकळे ठेवून बसवतात. परदेशात जुने लष्करी ट्रक घेऊन त्यांची फिरती घरे करतात, तेही हीच युक्ती वापरतात. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीने १९२३ मध्येच वेगळी वाट काढली. मधोमध एकच जाड नळी, माशाच्या कण्यासारखी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र हलणारे अर्धे आस. नळी पिळायला शिडीपेक्षा कितीतरी अवघड असते. आपल्या सैन्याचे टाट्रा ट्रक याच जातीचे.

उंचीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. गाडी उचलली की आस आणि गोळा खडकाला लागत नाहीत, पण गुरुत्वमध्यही वर जातो. दोन चाकांतले अंतर २ मीटर आणि गुरुत्वमध्य २ मीटर उंच असेल, तर गाडी साधारण २६ अंश कलल्यावर उलटते. गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर वर नेला की हा कोन २३ अंशांवर येतो. प्रत्यक्षात पाटे दबतात आणि माल सरकतो, म्हणून गाडी त्याआधीच कोलमडते. वर मोळ्या रचलेला उसाचा ट्रक आधीच उंच असतो. त्याला आणखी उचलणे मला तरी धोक्याचे वाटते.

मग उसाचे ट्रक असे का करू नयेत?

हा प्रश्न त्या दिवशी मलाही विचारला गेला. जादा आस, जादा पेटी, मोठे टायर यांचे वजन मालाच्या वजनातून वजा होते, कारण १८.५ टनांची मर्यादा काही वाढत नाही. ट्रकचे बहुतेक किलोमीटर कारखान्याच्या डांबरी वाटेवर जातात. तिथे कंगोऱ्यांचे टायर डिझेल खातात आणि लवकर झिजतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवून दिलेल्या रचनेत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही. मिस्त्रीकडे जाऊन आस बदलून आणला आणि काम झाले, असे होत नाही.

पण सर्वांत मोठी हरकत जमिनीची आहे. समजा, आपला ट्रक ओल्या फडात सहज फिरू लागला. वरच्या वीतभर मातीवर किती दाब येतो हे टायरच्या हवेवर ठरते, म्हणून रुंद मऊ टायराने वरची माती वाचते. परंतु खोलवर, हात-दीड हात खाली, जो दाब पोचतो तो मुख्यतः आसावरच्या एकूण ओझ्यावर ठरतो. टायर कितीही रुंद केला तरी ११.५ टनांचा आस खालची माती घट्ट करणारच. मातीतली हवेची पोकळी चेपली जाते, पाणी मुरत नाही, मुळे आडवी पसरतात. नांगर जिथपर्यंत पोचत नाही, नेमके तिथे हे घडते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून हा घट्टपणा थोडाफार स्वतः सैल करते, हे तिचे मोठेपण. तरी त्याला कित्येक वर्षे जातात. म्हणून जगात पुष्कळ ठिकाणी यंत्रांनी शेतात ठरावीक पट्ट्यांवरूनच जायचे अशी शिस्त पाळतात. फडात हलकी बैलगाडी किंवा ट्रॉली न्यावी आणि जड ट्रक पाणंदीवरच उभा करावा ही आपल्याकडची जुनी पद्धत त्याच जातीची आहे. पाणंद पक्की असली पाहिजे, एवढीच अट.

त्या ट्रकचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. आधी एक ट्रॅक्टर लावला. तो स्वतःच घसरू लागला. फडाच्या मालकांचे वडील, सगळे त्यांना अप्पा म्हणत, तोवर बांधावर बसून पाहत होते. ते उठले आणि म्हणाले, "आरं, आधी ओझं उतरवा, मग बाकीचं बगू." तोडणीवाल्यांनी निम्म्या मोळ्या उतरवल्या. ओझे निम्मे झाले तसे ट्रक ओढायला लागणारे बलही घटले, आणि चाक पूर्वीइतके खोल जाईना, म्हणून दहा टक्क्यांचा तो आकडाही खाली आला. चाकापुढची मातीची उभी भिंत फावड्याने खणून उतार केला. खाली पाचट अंथरले. मी सुचवल्यावरून मागच्या टायरांची हवा चालकाने जरा नाखुशीनेच ५० पौंडांवर आणली. व्हॉल्व्हची काळजी त्यालाही होती. मग ट्रॅक्टरचा दोर ताणून धरला आणि चालकाने क्लच हळू सोडला. चाक अर्धा फेरा घसरले, पाचटात धरले, आणि ट्रक पाणंदीवर आला. ब्रेकच्या टाकीतून थोडी हवा भरून घेऊन, माणूस चालतो त्या वेगाने, तो मंद्रूपच्या हवेच्या दुकानापर्यंत गेला.

चाकोरीची खोली मी पट्टीने मोजली. ३८ सेंटिमीटर भरली. अप्पांनी मला विचारले, "सर, नांगर कितीवर जातोय ओ, याच्या खाली जाईल का?" पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मी तिकडे गेलो, तेव्हा बाकीच्या रानात पाणी मुरले होते आणि त्या दोन पट्ट्यांवर ते अजून साचून होते.